रोवणीतला लोखंड्या

आसगावच्या शकुनबाईला धानाच्या रोवणीची गाणी येत नव्हती असं नाही. ढीगभर पाठ होती. पण देवानं गळा असा दिला होता की तिनं पहिला सूर लावला की बांधीच्या खाचरातले बगळे उठून शेजारच्या शेतात जायचे आणि रांगेतल्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. हसण्यात हात थांबतात, आणि हात थांबले की मालक धुऱ्याच्या बांधावरून ओरडतो. म्हणून शकुनबाईनं गाणं सोडलं आणि गोष्ट धरली.

गोष्टी तरी कुठल्या? सत्तरच्या दशकात, पवनी तालुक्यातल्या चिखलात, पोटऱ्यांपर्यंत रुतलेल्या बायांना ही बाई मंगळावरच्या माणसांच्या गोष्टी सांगायची. काळात मागंपुढं जाणाऱ्या गाडीच्या, स्वतः विचार करणाऱ्या यंत्रांच्या, सगळ्या दुनियेवर बॉम्ब पडून गेल्यावर उरलेल्या एकुलत्या एका जोडप्याच्या. आता कोणी शहाणा विचारील, खेड्यातल्या बाईला हे कुठून ठाऊक? त्यानं आधी आपल्या घरची हळद कशात बांधून येते ते पाहावं.

शकुनबाईचं माहेर नाकाडोंगरीचं. बाप मँगनीजच्या खाणीत कामाला होता आणि त्याला वाचायचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी जुनं वर्तमानपत्र घेऊन पोरीला समोर बसवायचा आणि म्हणायचा, "वाच. मोठ्यानं वाच." खाणीजवळच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली, मग लग्न होऊन आसगावला आली. सासूनं पहिल्याच महिन्यात हेरलं की ही सून चूल पेटवायला दिलेला कागद आधी वाचते आणि मग जाळते. सासू कपाळावर हात मारायची. पण सून कामाला वाघीण होती, त्यामुळं तक्रार कपाळापाशीच थांबायची.

गावात एकेकाळी वाचनालय होतं. ग्रामपंचायतीतल्या भांडणात ते बंद पडलं, मासिकांना वाळवी लागली, आणि वाळवीनं जे उरवलं ते टेकचंदच्या किराणा दुकानात रद्दी म्हणून गेलं. त्या मासिकांत साहेबांच्या मुलखातल्या विज्ञानकथा मराठी करून छापलेल्या असायच्या, पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिकडच्या लेखकांनी लिहिलेल्या. टेकचंद पानं फाडायचा आणि पुड्या बांधायचा. एका पुडीत शकुनबाईच्या घरी जिरं आलं आणि जिऱ्याभोवती मंगळ आला. मंगळावरचं सगळं पाणी आटलं आहे आणि तिथले लोक दुर्बिणीतून पृथ्वीवरच्या नद्या पाहून राहिले आहेत, एवढं वाचून पान संपलं. ती तशीच उठली आणि दुकानात गेली.

"टेकचंदभाऊ, याच्या पुढचं पान कुठं आहे?"

"बाई, तुमाले जिरं पाहिजे का मंगळ पाहिजे, थे एकदा ठरवा," टेकचंद म्हणाला.

पुढचं पान तंबाखू घेऊन कुणाच्या तरी कंबरेला खोचलं गेलं होतं. असंच पुढं चालू राहिलं. गोष्टीचं डोकं धन्यात मिळायचं, धड साखरेत, आणि शेपूट हमखास दुसऱ्याच्या घरी गेलेलं असायचं. दोन दिवस शकुनबाई हळहळली. तिसऱ्या दिवशी तिनं शेवट स्वतः केला. पुढं रांगेत गोष्ट सांगतानाही ती लपवाछपवी करायची नाही. ठरलेल्या जागी थांबायची, हातातली रोपं चिखलात खोचायची आणि सांगायची, "पान इथं फाटलं. आता पुढचं माहं." बायांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. फाटलं तिथं ठिगळ लावावंच लागतं.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, एका कोपऱ्यात वाढवतात, मग उपटून त्यांच्या पेंड्या बांधतात. गडीमाणूस त्या पेंड्या चिखल केलेल्या बांधीत फेकत जातो आणि बाया ओळीनं वाकून, मागं मागं सरकत, दोन-दोन चार-चार काड्या रोवत जातात. हे काम बायांचंच. बाप्या माणसानं रोवणी करायची नाही, अशी रीत. रांगेची म्होरकी मधोमध असते आणि तिच्या चालीवर सगळी रांग सरकते. शकुनबाई म्होरकी होती. जी बाई मागं राहील तिला गोष्ट ऐकू येणार नाही, हे साधं गणित होतं. त्यामुळं कोणी मागं राहायचीच नाही. रांग अशी सरळ सरकायची की धुऱ्यावर उभा असलेला पुंडलिकराव मिशीतल्या मिशीत हसायचा.

पुंडलिकराव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा मालक. तलावाखालच्या चांगल्या बांध्या त्याच्या, आणि कुणाला पाणी आधी, कुणाला नंतर, हेही त्याच्याच शब्दावर ठरायचं. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची गावात पद्धत होती. त्याला नाही म्हणून पाहिल्याशिवाय ते कळायचं कसं? शकुनबाईच्या गोष्टींनी त्याची रोवणी चार दिवस आधी उरकत होती, तोवर त्याला मंगळ, शुक्र, शनी, सगळे ग्रह गोड होते.

आणि ऐकणाऱ्या बाया तरी काय कमी! मंगळाचं पाणी आटलं म्हटल्यावर एकीनं लगेच विचारलं, "त्यायनं तलाव काहून नाही खोदले?" शकुनबाई म्हणाली, खोदले होते, पण गाळ कोणी काढला नाही. हे मूळ लेखकाच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. तलावांच्या भंडारा जिल्ह्यात मात्र लहान पोरालाही पटलं असतं. काळात फिरणाऱ्या गाडीची गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यांना तिच्यात बसून माहेरी जायचं होतं, तेही लग्नाच्या आधीच्या माहेरी. पुढच्या काळात जायला एकही तयार झाली नाही. पुढं टीव्ही गावात आला आणि आकाशात जाणारी यानं त्यावर दिसायला लागली, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या यातल्या काही बाया म्हणायच्या, "हे त आमी कवाचंच पाहून घेतलं."

ऐंशी सालच्या रोवणीत तिनं लोखंड्याची गोष्ट काढली.

गोष्ट होती परदेशातली, लिहिली होती कधीची तरी, पण घडत होती ऐंशी साली. पहिल्याच ओळीत छापलं होतं की १९८० सालापर्यंत घरोघरी यंत्रमाणूस काम करू लागला होता. भांडी घासायला, अंगण झाडायला, भाजी चिरायला. लोखंडाचा माणूस, न थकणारा, न जेवणारा. बायांनी त्याचं नाव लोखंड्या ठेवलं.

"म्हंजे औंदाच व्हय ना वो?" एकीनं विचारलं. "मंग आपल्या गावात काहून नाही आला?"

रांगेच्या टोकाला रुखमिणी होती. अंगानं वाळकी, आवाजानं त्याहून वाळकी, पाठीला वर्षभराचं पोरगं. ती सहसा बोलायची नाही. वाकल्या वाकल्या ती म्हणाली, "आला आहे ना. मालकाच्या घरची भांडी रोज संध्याकाळी घासून राहिली ना मी."

सगळी रांग हसली. मग हसू हळूहळू विरलं, कारण ते खरं होतं. पुंडलिकरावाच्या बांधीत रोवणीला जायचं तर दिवसाचं काम संपल्यावर रांगेतल्या एका बाईनं त्याच्या घरी जाऊन भांडी घासायची, अंगण सारवायचं, गोठा काढायचा. त्याची मजुरी नाही. बापाच्या काळापासून चालत आलं होतं. पाळी लावलेली होती म्हणायची, पण बाकीच्यांना घरी सासवा होत्या, आणि रुखमिणी नवऱ्याविना एकटी होती, म्हणून तिची पाळी रोजच यायची.

शकुनबाईनं गोष्ट पुढं नेली. या लोखंड्याला बनवणाऱ्यानं सगळे शब्द शिकवले होते, फक्त 'नाही' हा शब्द त्याच्यात घातलाच नव्हता. मालक म्हणेल ते 'जी'. एके दिवशी मालक नदीकाठी झोपला. ऊन होतं. त्यानं लोखंड्याला छत्री धरून उभं केलं आणि बजावलं, काही झालं तरी जागचं हलायचं नाही. तेवढ्यात मालकाचीच लहान पोरगी खेळता खेळता पाण्यात पडली. लोखंड्यानं पाहिलं. हातात छत्री. मालक घोरतो आहे. पोरगी हात मारते आहे.

"पान इथं फाटलं," शकुनबाई म्हणाली.

"आता वो?" रुखमिणी उभीच राहिली. रोवणीत असं कोणी उभं राहत नाही.

"आता माहं. लोखंड्याच्या पोटात काहीतरी करकरलं. जो शब्द कोनं घातला नव्हता थो त्यानं स्वतः तयार केला. मोठ्यानं म्हणाला, 'नाही!' अन् छत्री ठेवून गेला पाण्यात."

त्या संध्याकाळी पुंडलिकरावाचा सालदार कवडू नेहमीसारखा बोलवायला आला तेव्हा रुखमिणीनं पाय धुतले, पोरगं पाठीला बांधलं आणि म्हणाली, "नाही येत." एवढंच. कवडूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो आयुष्यभर पेंड्या फेकत आलेला साधा माणूस. निरोप जसाच्या तसा त्यानं मालकाला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी दुसरीला सांगितलं, ती म्हणाली नाही. तिसरीला सांगितलं, तिनं तर हसत हसत सांगितलं. त्या आठवड्यात पुंडलिकरावाच्या घरची भांडी त्याच्या बायकोनं, निर्मलाबाईनं घासली.

मालकाला कारण कळायला वेळ लागला नाही. गावात गोष्टीला पाय असतात. त्याचा मुलगा इश्वर नागपूरला कॉलेजात होता आणि सुट्टीत आला होता. त्यानं लोखंड्याचं वर्णन ऐकलं आणि म्हणाला, बाबा, ही गोष्ट माझ्याकडं पूर्ण आहे. पोरगा सरळ होता, त्याच्या मनात काही नव्हतं. मनात होतं ते बापाच्या. त्यानं इश्वरला मासिक घेऊन बांधीवर आणलं, बायांचे हात थांबवले आणि सांगितलं, "आयका. छापलेलं आयका. मंग समजन तुमची म्होरकी काय फेकून राहिली थे."

मागून निर्मलाबाई मजुरांचा चहा घेऊन आली होती. किटली खाली ठेवून तीही उभी राहिली.

इश्वरनं वाचलं. छापलेल्या शेवटात लोखंड्या हलला नाही. छत्री धरून उभाच राहिला. मालक उठला तेव्हा पोरगी पाण्यावर तरंगत होती आणि लोखंड्या विचारत होता, मालक, आता हलू का?

एका बाईनं डोळे पुसले. रुखमिणीनं पाठीवरचं पोरगं चाचपून पाहिलं.

"समजलं?" पुंडलिकराव म्हणाला. "लोखंड्या नाही म्हणतच नाही. त्याले म्हणताच येत नाही. असं लिवलं आहे. हे बाई तुमाले खोटं सांगून राहिली."

शकुनबाईचा चेहरा तापला. रांगेतल्या दोघी-तिघी तिच्याकडं पाहत होत्या, आणि त्या पाहण्यात शंका होती. छापलेलं ते छापलेलं. तिला स्वतःलाच बापानं ते शिकवलं होतं. मग तिला भयंकर राग आला, आणि राग आला की तिला बोलता यायचं.

"म्या पान फाटलं तिथं सांगतलं होतं, का पुढचं माहं आहे म्हणून. लपवलं नाही. आता तुमच्या पुस्तकातलं आयकलं. पण मालक, थे पोट्टी मेली कायनं? पाण्यानं मेली का? पाण्यानं नाही मेली. 'जी मालक, जी मालक' म्हणण्यानं मेली. लिवणाऱ्यानं बरोबरच लिवलं. तुमालेच वाचता नाही आलं."

इश्वर खाली मान घालून पानाकडं पाहू लागला. त्यालाही बहुधा आत्ताच दिसलं.

"अन् दुसरं," शकुनबाई म्हणाली, "पऱ्हे म्हंजे माहेरून सासरी निघालेली पोट्टी. तिले रोवता रोवता पोट्टी मेल्याची गोष्ट मी सांगन नाही. लिवणाऱ्यानं मारली त मारली. माह्या रांगेत थे जगन."

त्याच घडीला पुंडलिकरावानं फर्मावलं की त्याच्या बांधीत आजपासून गोष्ट बंद. गाणं म्हणा नाही तर मुक्यानं काम करा. गोष्ट ऐकू आली तर सगळ्या रांगेला सुट्टी.

रांगेत कुणाच्याही घरी हंगाम सोडून द्यावा इतकं धान नव्हतं. शकुनबाई गप्प झाली. गाणंही कोणी म्हणेना. मुक्यानं रोवणी सुरू झाली आणि जिला जसं जमेल तशी ती सरकू लागली. कोणी पुढं, कोणी मागं, ओळी सापासारख्या वाकड्या. काम लांबलं. कवडू पेंड्या फेकून कंटाळला. तो एकदा हळूच म्हणाला, "शकुनबाई, निदान हळू आवाजात त सांगा." तिनं मान हलवली. हळू आवाजात सांगायची ती गोष्टच नव्हती.

शेवटचा दिवस उजाडला. रोवणीच्या शेवटच्या दिवशी बायांचं राज्य असतं. एक पेंडी मुद्दाम राखून ठेवायची, मालक बांधीवर आला की त्याला अडवायचा, चिखलाचा टिळा लावायचा आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे रोवणी संपल्याची बायांची हक्काची खुशाली. कुठं गूळ-चणे, कुठं जेवण, कुठं म्होरकीला लुगडं. मालक कबूल झाला की शेवटची पेंडी रोवायची. अर्धी राहिलेली बांधी घराला बाधते असं म्हणतात, त्यामुळं आजवर कोणत्याही मालकानं बोजारा नाकारला नव्हता.

पुंडलिकराव आला. टिळा लावून घेतला. हसतही होता. झालं गेलं विसरायला तो तयार होता, जिंकलेला माणूस असतो तसा. "बोला, काय पाहिजे? लुगडं आणू का?"

"लुगडं नको," शकुनबाई म्हणाली. तिच्या हातात शेवटची पेंडी होती. "रुखमिणी काय, कोणतीच बाई तुमच्या घरी फुकटात भांडी घासाले येणार नाही. अन् बांधीत मी गोष्ट सांगन. दोन्ही कबूल करा. हाच औंदाचा बोजारा."

पुंडलिकरावाचं हसू गेलं. "पागल झाली काय? असा बोजारा असते कुठं?"

"मागणारी मी आहो. काय मागाचं थे माह्यावर आहे."

"देत नाही जा. राहू दे तुही पेंडी."

"राहू दे," ती म्हणाली. तिनं पेंडी चिखलात उभी टेकवली, हात धुतले आणि बांधीतून बाहेर निघाली. तिच्या मागं रुखमिणी निघाली. मग एकेक करत सगळ्या.

बैलगाडी उभी राहील एवढा तुकडा रिकामा राहिला. चहूकडं हिरवंगार धान आणि मधोमध तो काळा चौकोन. बांधी होती पवनीच्या रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एसटीच्या खिडकीतून तो दिसायचा. लोक विचारायचे, हे काय? मग त्यांना सांगावं लागायचं की बोजाऱ्यावरून अडलं आहे, आणि बोजारा का अडला ते सांगायचं तर आधी लोखंड्या सांगावा लागायचा. अशा रीतीनं लोखंड्या लाखांदूरच्या बाजारापर्यंत पोचला. शकुनबाईनं तोंड बंद ठेवलं होतं, आणि गोष्ट तर आधीपेक्षा जास्त फिरत होती!

पुंडलिकरावानं शेजारच्या गावातून बाया आणायचं पाहिलं. दुसऱ्या रांगेची राखलेली पेंडी कोण रोवणार? त्यांनी कानाला हात लावले. मग त्यानं कवडूला हुकूम केला की उतर आणि रोव. कवडूनं डोक्यावरचा दुपट्टा काढला, खांद्यावर टाकला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मालक, रोवणी बाईनं कराची असते. मी केली त रीत बुडन." हा माणूस तीस वर्षांत एकदाही रीतीबद्दल बोलला नव्हता.

मग मालकानं खरं हत्यार काढलं. शकुनबाईची स्वतःची एक लहान बांधी होती, तलावाच्या पाटाच्या अगदी शेपटाला. पावसानं ओढ दिली होती. पाण्याची पाळी आली आणि पाणी तिच्या धुऱ्यापाशी येऊन बंद झालं. जमिनीला भेगा दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "रोवून टाक ना वो थे पेंडी. आपलं धान मरून राहिलं. एका गोष्टीपायी काहून घर बुडवतं?"

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. ती परसात जाऊन पोटभर रडली. रडताना तिला रुखमिणीची ती वाळकी पाठ दिसत होती, पोरगं बांधलेली, सरळ घराकडं चाललेली. त्या पाठीला परत वाकवून मालकाच्या मोरीवर बसवायचं, ते आपल्या हातानं? तोंड धुऊन ती आत आली. "धान मेलं त मेलं," नवऱ्याला म्हणाली. "औंदा मी मजुरीनं घर चालवन. पण थे पेंडी रोवन नाही." नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, घागर उचलली आणि बोडीतून, त्या लहानशा तळ्यातून, डोक्यावर पाणी आणायला निघून गेला. तोही तिचाच नवरा होता शेवटी.

एका दुपारी शकुनबाई आपल्या सुकत्या बांधीत निंदत होती. समोर पाहते तो धुऱ्यावर निर्मलाबाई. मालकीण, एकटी, उन्हातून चालत आलेली.

"चाल," निर्मलाबाई म्हणाली.

"कुठं?"

"आमच्या बांधीत. पेंडी पिवळी पडून राहिली."

शकुनबाई ताठ झाली. "म्या सांगतलं ना बाई. बोजाऱ्याबिगर मी रोवन नाही."

"तू नको रोवू. मी रोवतो."

मालकाची बायको बांधीत? लग्न होऊन आल्यापासून या बाईचा पाय चिखलात पडला नव्हता, पडू द्यायचा नसतो, मालकाची अब्रू जाते. मग तिला वाटलं, ही नवऱ्यानंच पाठवलेली दिसते. "म्हंजे मालकाचंच झालं मंग," ती कडू होऊन म्हणाली.

"त्यायले माहीत नाही," निर्मलाबाई म्हणाली. "रुखमिणीकडून आली मी आत्ता. तिले सांगून आली, आमच्या घरी कामाले कोनं याचं नाही म्हणून. भांडी घासून घासून पाहिली म्या या महिन्यात. माह्या घरची आहेत, मी घासन. धान का एकट्या त्यायचंच आहे? बोजारा मीही देऊ शकतो. अन् गोष्टीचं म्हणशीन त..." तिला असं बोलायची सवय नव्हती. "इश्वरनं वाचला थो शेवट म्या आयकला. त्या दिवसापासून मले झोप नाही. थे पोट्टी दिसते. मले तुहा शेवट आयकाचा आहे. लोकाच्या तोंडून नाही, तुह्या तोंडून."

शकुनबाईनं विळा खाली टाकला आणि मातीच्या हातानंच मालकिणीचा हात धरला.

निर्मलाबाईनं काळ्या चौकोनाच्या कडेला कासोटा मारला आणि आत उतरली. माहेर लाखांदूरकडचं, धानाच्याच घरची लेक. हात विसरले नव्हते, कंबर तेवढी विसरली होती. पहिली ओळ वाकडी गेली. पिवळ्या पडलेल्या पेंडीतली जिवंत रोपं ती निवडून घेत होती. बाकीची रोपं पऱ्ह्याच्या कोपऱ्यात उरली होती, ती शकुनबाईनं उपटून आणली आणि धुऱ्यावर उभी राहून तिनं गोष्ट सुरू केली. हळू आवाजात नाही. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. बातमी फुटली. आधी रुखमिणी आली, मग रांगेतल्या दोघी, मग कवडू. पवनीची एसटी वळणावर आली आणि ड्रायव्हरनं ती थांबवलीच. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

पुंडलिकराव धापा टाकत आला. धोतराचा सोगा हातात, चेहरा लालबुंद. समोर अख्खी एसटी भरून लोक आणि मधे चिखलात बायको.

"इश्वरची माय! बाहेर ये!" तो ओरडला. "लोक पाहून राहिले!"

निर्मलाबाईनं हातातल्या काड्या नीट रोवल्या. मान वर केली नाही.

"तुमी घरी जा," ती म्हणाली. "चुलीवर दूध ठेवून आली मी. उतू जाईन, थे पाहा."

एसटीत कोणीतरी मोठ्यानं हसलं. पुंडलिकराव बायांकडं पाहत राहिला, कवडूकडं पाहत राहिला. कवडू तलावाकडं पाहत होता. मग पुंडलिकराव वळला आणि घराच्या वाटेला लागला, आधी हळू, मग दूध आठवून जरा भरभर. शकुनबाईनं नवी पेंडी निर्मलाबाईच्या पुढ्यात फेकली.

"तं बायांनो," ती म्हणाली, "पोट्टी पाण्यात आहे, मालक घोरून राहिला आहे, अन् लोखंड्यानं छत्री खाली ठेवली."